नाते आणि न्याय : २०२४ सालच्या सामाजिक न्यायाच्या परिभाषेचे परीक्षण

सामाजिक न्यायाच्या क्षेत्रात वर्षभरात काय घडले ह्याचा आढावा घेण्याची रीत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. २० फेब्रुवारीस संयुक्त राष्ट्रसंघाने नेमून दिलेला जागतिक सामाजिक न्याय दिन येतो, २६ जूनला राजर्षी शाहू छत्रपतींची जयंती महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते, आणि त्या निमित्ताने किती वसतिगृहे बांधण्यात आली, किती शिष्यवृत्त्या वाटण्यात आल्या ह्यांचे आकडे प्रसिद्ध होतात. ह्या आकड्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि व्याकरणाचा अभ्यासक ते वाचू लागला म्हणजे त्याची दृष्टी आकड्यांच्या आधी क्रियापदावर जाते. ‘बांधण्यात आली’, ‘वाटण्यात आल्या’, ‘लाभ देण्यात आला’ ही रचना आपल्या शासकीय गद्याचा कणाच होय. तीत देणारा अध्याहृत असतो, आणि ज्याला मिळावयाचे तो चतुर्थी विभक्तीत, वाक्याच्या एका कडेला उभा असतो. कर्त्याच्या जागी तो क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात २०२४ ह्या एका वर्षाचे परीक्षण करावयाचे आहे, ते योजनांचे नव्हे, तर त्या वर्षी सामाजिक न्यायाच्या नावाने जी भाषा वापरली गेली तिचे. ह्याच वर्षाची निवड करण्यास कारण आहे. त्या वर्षी शब्द हे वादाचे केवळ साधन न राहता वादाचा विषयच बनले. एका मसुद्यातील जोडशब्दासाठी उपोषणे झाली, एका अक्षरासाठी उच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, एका नातेवाचक नामाने विधानसभेच्या निवडणुकीचा सूर ठरविला आणि कारागृहांच्या नियमपुस्तकांतील काही शब्द सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. भाषेच्या विभागांनी ह्या घडामोडींकडे राज्यशास्त्राचा प्रांत म्हणून पाठ फिरवावी, हे मला उचित वाटत नाही.

प्रथम ‘सगेसोयरे’ हा शब्द घेऊ. २६ जानेवारी २०२४ रोजी, मनोज जरांगे पाटील ह्यांचा मोर्चा नवी मुंबईत वाशीस येऊन ठेपला असता, जातप्रमाणपत्रविषयक २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचविणारी एक अधिसूचना शासनाने मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध केली. ज्याच्या कुळात कुणबी अशी नोंद सापडली आहे त्याच्या सगेसोयऱ्यांनाही कुणबी प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा व्हावा, हा तिचा हेतू. बोलीतला एक ऐसपैस जोडशब्द ह्या निमित्ताने कायद्याच्या व्याख्याकलमात जाऊन बसला.

शब्दाची फोड सोपी आहे. सगा म्हणजे रक्ताचा आणि सोयरा म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेला. ‘सगा’च्या मुळाशी ‘आपला’ ह्या अर्थाचा संस्कृत ‘स्वक’ आहे. ‘सोयरा’ हा ‘सोदर’, म्हणजे एका उदरातला, ह्या शब्दाशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली तर त्याचा अर्थप्रवास मौजेचा आहे, कारण जो एका उदरातला तो लग्नाला वर्ज्य, आणि मराठीत तर ज्याच्या घरी लग्न जुळते तोच सोयरा. (‘सोयरसुतक’ ह्या शब्दातील ‘सोयर’ मात्र वेगळा. तो जननाशौचाचा वाचक आहे. विद्यार्थी पुष्कळदा दोहोंची गल्लत करतात, आणि सामान्य भाषिकाच्या मनातही हे दोन शब्द एकमेकांत मिसळले आहेत.) व्यवहारात ह्या शब्दाला काठ नाही. साडूचा चुलत सासराही सोयरा होतो आणि वेळ पडल्यास दोन गावेच्या गावे एकमेकांची सोयरी होतात. संतांनी तर तो जातीच्या पलीकडे नेला. तुकोबांनी अरण्यातील झाडांना सोयऱ्यांच्या नात्यात घेतले, आणि चोखोबांच्या कवयित्री पत्नीचे तर नावच सोयराबाई.

मसुद्याने ह्या शब्दास काठ घातला, आणि तो कोठे घातला हे पाहण्यासारखे आहे. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्याही पूर्वीच्या पिढ्यांत जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक झाले ते सगेसोयरे, अशी ती व्याख्या असून सजातीय विवाहातून आलेल्या नात्यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. दोन गोष्टी तत्काळ ध्यानात येतात. पहिली अशी की नात्याची शिडी ज्या पायऱ्यांनी चढावयाची त्या सर्व पुल्लिंगी आहेत. आई, आजी, पणजी ह्यांना व्याख्येत पायरी म्हणून स्थान नाही, जरी सोयरीक ही गोष्ट त्यांच्याचमुळे घडते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेचे सार म्हणून जे एकच लक्षण निवडून काढले ते जातीअंतर्गत विवाह हे होय. बाकीचे निर्बंध त्यांच्या मते ह्या एकाच्या आधाराने उभे राहिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सामाजिक न्यायासाठी काढलेल्या कागदात नेमके तेच लक्षण पुराव्याच्या जागी आले. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक केली त्याचा दावा मजबूत. ज्याच्या आजोबाने जात मोडून लग्न केले त्याच्या दाव्यात तेथे खिंड पडते. आणि ह्याच राज्याचा सामाजिक न्याय विभाग आंतरजातीय विवाह करणाऱ्या दांपत्यास ५०,००० रुपयांचे प्रोत्साहन देतो! एकाच शासनाच्या दोन कागदांनी एकमेकांची भाषा वाचलेलीच नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, व तो दुबळा नाही. जातपडताळणीत वडिलांकडील रक्तसंबंधितांच्या वैधता प्रमाणपत्रास आधीपासूनच मोठे वजन आहे. मग मसुद्याने नवे ते काय केले? उत्तर असे की, अमुक व्यक्ती अमुक समाजातली आहे हे वस्तुतथ्य सिद्ध करण्यासाठी नात्याचा पुरावा घेणे निराळे, आणि एका घराच्या नोंदीवरून दुसऱ्या घरास हक्क पोहोचविणारी वाहिनी म्हणून नात्याचा उपयोग करणे निराळे. पहिल्यात नाते साक्षीदार असते. दुसऱ्यात ते दाता होते. वाद ह्याच फरकाभोवती पेटला, परंतु दोन्ही पक्षांच्या भाषणांत तो फरक नेमका मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. मसुदा २०२४ साल संपेपर्यंत मसुदाच राहिला.

शेतकरी मराठ्यांचे हलाखीचे जिणे खोटे आहे असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेत राहणाऱ्यास ते कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे ‘कुणबी’ हा शब्द जातीचा खरा, पण बोलण्यात तो धंद्याचाही आहे. ‘कुणबावा’ म्हणजे शेतीभातीचा संसार. मूळ संस्कृत ‘कुटुंबिन्’, म्हणजे घरसंसार असलेला गृहस्थ. त्याचा ‘कुणबी’ झाला, गृहस्थाचा शेतकरी झाला, शेतकऱ्याची जात झाली, आणि जातीचा आरक्षणातील प्रवर्ग. तुकोबांनी स्वतःस कुणबी म्हणवून घेतले, त्यात नम्रता होती तसाच सुटकेचा निःश्वासही होता. तात्पर्य, ज्या शब्दाच्या पोटातच कुटुंब आहे त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी २०२४ साली पुन्हा कुटुंबाचीच शिडी लावावी लागली. ज्याची जमीन दोन एकर आणि कर्ज त्याहून मोठे, त्यास ‘माझे हाल पाहा’ एवढे सांगून भागत नाही. ‘माझा पणजोबा पाहा’ असे सांगावे लागते. त्याच वर्षी २० फेब्रुवारीस, योगायोगाने जागतिक सामाजिक न्याय दिनीच, विधिमंडळाने मराठा समाजास दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक संमत केले. त्याची भाषा मागासलेपणाच्या मापनाची आहे, नात्याची नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू राहिले ह्यावरून शासनाचीही भाषा ठरलेली नव्हती असे दिसते.

आता दुसरे नातेवाचक नाम. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ ही योजना सुरू झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे अशा स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये थेट त्यांच्या खात्यावर, असे तिचे स्वरूप. पहिले हप्ते ऑगस्टात, राखी पौर्णिमेच्या सुमारास जमा झाले. दोन कोटींहून अधिक स्त्रियांपर्यंत ही रक्कम पोहोचली. कापूस वेचणाऱ्या, जिनिंगच्या आवारात राबणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर दर महिन्यास काही पैसा पडावा, ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी कधी महिनाअखेर पाहिलेली नाही त्यांनीच तिची टवाळी करावी.

परीक्षण करावयाचे आहे ते नावाचे. ‘माझी’ हे प्रथमपुरुषी स्वामित्वदर्शक सर्वनाम आहे. शासनाच्या योजनेच्या नावात प्रथमपुरुष येतो तेव्हा बोलणारा कोण, हा प्रश्न व्याकरणास विचारावाच लागतो, आणि उत्तर नावातच आधी दिलेले आहे. म्हणजे स्त्रीची ओळख नागरिक म्हणून नव्हे, तर बोलणाऱ्याशी असलेल्या नात्याने होते. तिच्यामागे ‘लाडकी’ हे विशेषण. लाड हा करणाऱ्याच्या मर्जीचा विषय असतो. आईसुद्धा सर्व लेकरांचे सारखे लाड करीत नाही. त्याच्यासाठी कोणी दाद मागू शकत नाही.

परंतु खरी गोष्ट ‘बहीण’ ह्या शब्दात आहे. मराठी कुटुंबात बहिणीशी देवघेवीचे दोन शब्दसमूह नांदतात. एक ओवाळणीचा : भाऊबीज, राखी, साडीचोळी, माहेरपण. दुसरा वाटणीचा : हिस्सा, सातबारा, वारसनोंद. पहिला गोड आहे, दुसरा कडू. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्याही आधी, मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. ह्या कायद्याला खेड्यापाड्यांतून जे उत्तर मिळाले त्याचे नाव ‘हक्कसोडपत्र’. बहीण तलाठ्यापुढे किंवा निबंधकाच्या कचेरीत सही करते आणि भाऊ तिला साडी नेसवून बोळवतो. तिने सही नाकारली तर माहेरचा उंबरा तुटतो. तेव्हा ‘लाडकी बहीण’ हा मराठी व्यवहारातला शब्दप्रयोग निरुपद्रवी नाही. जी ओवाळणी घेते आणि हिस्सा मागत नाही तीच लाडकी राहते, हे त्याचे अलिखित व्याख्याकलम. योजनेचे नाव ठरविणारांच्या मनात हे होते असे मला म्हणावयाचे नाही. शब्द वापरणाऱ्याच्या मनात नसलेले अर्थही शब्दाबरोबर येतात, एवढेच.

ह्याच राज्याने १९७७ साली जो कायदा केला त्याचे नाव ‘रोजगार हमी’. हमी हा शब्द किती कोरडा आणि किती भक्कम! त्यात देणाऱ्याचा चेहरा नाही आणि घेणाऱ्याचे नाते नाही. काम मागणारी बाई कोणाची बहीण आहे हे तेथे विचारले जात नाही. तिने मागितले आणि दिले नाही तर देणारा चुकला, इतकाच त्याचा अर्थ. एक निरीक्षण येथे नोंदवून ठेवतो. आपल्याकडे ज्या शब्दांनी मागता येते ते बहुतेक कचेरीच्या आणि अदालतीच्या वाटेने अरबी-फारशीतून आलेले आहेत : हक्क, हमी, दावा, तक्रार, फिर्याद. ज्या शब्दांनी मिळते ते बहुतेक संस्कृतातून घडविलेले : अनुदान, लाभ, कल्याण, साहाय्य. ‘न्याय’ आणि ‘अधिकार’ हे अपवाद आहेतच, म्हणून ह्या निरीक्षणास नियम म्हणू नये. पण ‘लाभार्थी’ हा शब्द पाहा. विद्यार्थी, शरणार्थी ह्यांच्या साच्यात तो घडला आहे. लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. त्याला लाभ मिळालेला असला तरी व्याकरणाने तो इच्छुकच राहतो. आणि अर्जाच्या छाननीतील ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द तर थेट दानधर्माच्या परिभाषेतून आले आहेत, जेथे दान सत्पात्री पडावे लागते.

वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकास प्रेमाने ठेवलेल्या नावाची कथा नवी नसावी. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी आपल्या हरिजन यात्रेस वर्ध्याहून प्रारंभ केला. त्याआधीच, १९२८ साली, जमनालाल बजाज ह्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केलेले होते. त्या प्रयत्नांमागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ‘हरिजन’ हे नावही कळकळीनेच दिलेले होते : हरीचे लोक, म्हणजे देवाच्या नात्यातले. पण ज्यांना ते दिले त्यांनी ते मागितलेले नव्हते. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द घालण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहातून बाहेर पडले. १९८२ साली भारत सरकारने तो शब्द प्रमाणपत्रांतून वर्ज्य करण्याच्या सूचना दिल्या. चव्वेचाळीस वर्षे लागली. त्याउलट ‘बहिष्कृत’ हा शब्द बाबासाहेबांनी १९२४ च्या सभेच्या आणि १९२७ च्या पत्राच्या नावात स्वतः निवडला. त्या शब्दात मुळीच गोडवा नाही. कर्मणी धातुसाधित असल्यामुळे तो ऐकताच ‘कोणी बहिष्कृत केले?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि गुन्हा करणारा न सांगता दाखविला जातो. व्याकरणाचा इतका हिशेबी उपयोग मराठी राजकीय गद्यात क्वचितच झाला असेल.

कोणी म्हणेल, संविधानाच्या उद्देशिकेतील ‘बंधुता’ ही तरी नात्याचीच भाषा नव्हे काय? आहे, आणि म्हणूनच फरक नीट पाहावयास हवा. ‘बंधू’ला ‘ता’ प्रत्यय लागला की नात्यातून व्यक्ती गळून पडते आणि धर्म तेवढा राहतो. बंधुतेला ‘माझी’ असे विशेषण लावून पाहा, शब्द ते स्वीकारीत नाही. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेचे विवरण केले ते सर्व भारतीयांतील समान भावाच्या अर्थाने, म्हणजे जे परस्परांचे सगेही नाहीत आणि सोयरेही नाहीत त्यांच्यातील संबंध म्हणून. सोयऱ्याला न्याय देण्यासाठी संविधानाची आवश्यकता नसते. त्याला पंगत पुरते.

अक्षरांच्या वादाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात भाषाशास्त्राचे नाव फार सैलपणे घेतले गेले. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्रातील यादीत ओरांवांच्या जोडीने ‘धनगड’ अशी नोंद आहे. ती ‘धनगर’ अशीच वाचावी ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली. ‘ड’ आणि ‘र’ ह्यांची अदलाबदल इंग्रजी लेखनात होते हे खरे आहे. वऱ्हाडचे ‘बेरार’ झाले हे आपल्या दारचेच उदाहरण. स्वरांमधील मराठी ‘ड’चा उच्चार जिभेच्या एका फटक्याने होतो आणि परक्या कानास तो ‘र’ वाटू शकतो. पण अशा अदलाबदलीची शक्यता म्हणजे ती घडल्याचा पुरावा नव्हे, आणि दोन नावांचा उच्चार जवळचा म्हणून दोन समाज एक ठरत नाहीत. शिवाय यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही. २००० सालच्या हलबा-कोष्टी निकालापासून ही भूमिका पक्की आहे आणि विदर्भातील विणकर समाजाने तिची किंमत मोजली आहे. गोवाऱ्यांची गोष्ट त्याहून दारुण. यादीतील ‘गोंड गोवारी’ ही एक नोंद की दोन, मध्ये स्वल्पविराम हवा होता की नाही, ह्या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरास आलेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मरण पावले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. लेखनशुद्धीच्या तासाला स्वल्पविरामाचे महत्त्व सांगताना आपण जी उदाहरणे देतो ती ह्यापुढे खेळकर वाटू लागतात. येथे भाषाशास्त्रज्ञाने ‘होय’ किंवा ‘नाही’ असा कौल देऊ नये. समाजाची स्थिती एका अक्षरावर टांगलेली असणे, हीच टीकेची जागा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिली, तेव्हा निदान तत्त्वतः तरी यादीतील नावाकडून नावामागील माणसांच्या स्थितीकडे वळण्याचे दार किलकिले झाले. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. त्या दारातून कोण कसे जाणार हा तंटा पुढे चालणारच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस आपल्या विभागांत पेढे वाटून साजरा झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या दिवशी मराठीस, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली ह्यांच्यासह, अभिजात भाषेचा दर्जा दिला. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालापासून दशकभर चाललेल्या प्रयत्नांचे ते फळ होते, आनंद व्हावा हे स्वाभाविकच. पण त्याच दिवशी, सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्याची वार्ता भाषेच्या विभागांपर्यंत फारशी आली नाही. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोटीचे काम कोणी करावे आणि स्वयंपाक कोणी करावा हे जातीवरून ठरत होते. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि नियमावल्या सुधारण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

हा निकाल आद्योपान्त भाषेविषयीचा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या नियमांत शिवी कोठेही नव्हती. हलकी कामे करण्याची ‘सवय’ असलेला वर्ग, ‘योग्य’ जातीचा स्वयंपाकी, अशा सौम्य शब्दांनीच सगळे काम भागत होते. ‘सवय’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. सवय व्यक्तीस लागते आणि व्यक्तीस सोडताही येते. जातीस सवय आहे असे लिहिले की शिक्षेचे रूपांतर स्वभावात होते, आणि ज्याने ती लादली तो वाक्यातून निघून जातो. भटक्या-विमुक्तांना लावलेले ‘सराईत’ हे विशेषण ह्याच घराण्यातले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, १९५२ साली तो रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द आला. परंतु तुरुंगाच्या पुस्तकांत जुने विशेषण मागच्या दाराने राहिलेच होते. सामाजिक न्यायाचे त्या वर्षातील सर्वांत निःसंदिग्ध पाऊल मला हेच वाटते. त्यात कोणाला काही वाटण्यात आले नाही. लिहिलेले खोडण्यात आले. कैद्यास कोणी बहीण म्हटले नाही की सोयरा म्हटले नाही. त्याच्या नावापुढील एक रकाना तेवढा काढावयाचा आहे. ज्या दिवशी आपल्या भाषेच्या प्राचीनतेवर मुद्रा उमटली, त्या दिवशी त्या भाषेच्या आजच्या वापराविषयी असा निकाल यावा, आणि आपल्या परिसंवादांत त्याचा उल्लेखही असू नये, ही उणीव पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तरी भरून काढावी.

शेवटी हिंगणघाटविषयी. ह्या गावाचे नाव एके काळी ‘बनी’ कापसामुळे दूरच्या बाजारांत ठाऊक होते. ३ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्रास ते निराळ्या कारणाने ठाऊक झाले. त्या दिवशी सकाळी महाविद्यालयात शिकवावयास निघालेल्या एका तरुण अधिव्याख्यातीस, तिचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाने भर चौकात पेट्रोल टाकून पेटविले. १० फेब्रुवारीस नागपूर येथे तिचा अंत झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीस जन्मठेपेची शिक्षा दिली. मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, विधिमंडळाने शक्ती विधेयक संमत केले. ते कायदा म्हणून अमलात आले नाही.

ह्या घटनेच्या वृत्तांतांत एक शब्दप्रयोग सर्रास आला आणि अशा प्रत्येक घटनेच्या वृत्तांतात तो २०२४ सालीही येतच होता : ‘एकतर्फी प्रेमातून’. पंचमी विभक्ती कारण सांगते. म्हणजे ह्या रचनेनुसार कृत्याचे कारण प्रेम ठरते, आणि ‘एकतर्फी’ हे विशेषण अपुरेपणाचे सूचक असल्यामुळे दुसऱ्या तर्फेने काही द्यावयाचे राहून गेले अशी ध्वनिरूप तक्रारही त्यात उमटते. येथेही नात्याचीच भाषा आहे, आणि ह्या वेळी ते नाते तिला न विचारता तिच्यावर बसविलेले आहे. जी बहीण नाही, सोयरी नाही, आणि जिने प्रेयसी होण्यास नकार दिला, तिला ओळखावयास आपल्या वृत्तपत्रीय मराठीत शब्दच उरत नाही. तिच्या मृत्यूनंतर तिला ‘लेक’ म्हटले गेले. ‘अधिव्याख्याती’ हा शब्द होता, पण तो मथळ्यात क्वचितच राहिला.

कायद्याची भाषा ह्याबाबतीत वृत्तपत्रांच्या पुढे गेलेली आहे. २०१३ साली दंडसंहितेत ‘पाठलाग’ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. त्या कलमात स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यावरही पुनःपुन्हा मागे जाणे आणि संपर्क साधणे असे वर्णन आहे. पुरुषाच्या मनात काय होते, त्याला काय वाटत होते, ते प्रेम होते की काय, ह्याची चौकशी त्यात नाही, आणि ती स्त्री कोणाची कोण लागते ह्याचीही नाही.